मशीनवर मास्क सक्तीचा

आधीच सांगून टाकते, डायलिसिसच्या खोलीत मास्कची सक्ती मी आणली. सरकारची सक्ती होतीच, रस्त्यावर, दुकानात, बसमध्ये. पण मशीनवर पडलेल्या पेशंटनं चार तास तोंड झाकायचं की नाही, ते तिथल्या डॉक्टरबाईंवर सोडलेलं, आणि आमच्या डॉक्टरबाई स्वभावानं लोण्याहून मऊ. "जमेल तितका वेळ लावा," म्हणायच्या. जमेल तितका म्हणजे काय हो? माझं लाँड्रीचं दुकान आहे. गिऱ्हाइकाला मी "जमेल तितका शर्ट धुऊन देते" असं सांगितलं तर चालेल का?

मी काही हौस म्हणून भांडत नव्हते. माझ्या लेकीच्या दोन्ही किडन्या कॉलेजच्या पहिल्याच वर्षी गेल्या. तेव्हापासून आठवड्यातून तीनदा मशीन. माझी किडनी तिला जुळली, ऑपरेशन ठरलं, आणि ही साथ आली. सगळी ऑपरेशनं बंद. किती महिने जीव टांगणीला लागला होता ते आमचं आम्हाला माहीत. शेवटी पुढच्या महिन्याची एकवीस तारीख मिळाली. मोठ्या हॉस्पिटलातल्या सर्जननं मला समोर बसवून बजावलं, "तोपर्यंत दोघींपैकी कुणालाही लागण झाली, की तारीख गेली. पुढची कधी, ते मी सांगू शकणार नाही."

मग काय, घराची छावणी केली मी. नवरा दुकानातून आला की आधी बाथरूम, मग बोलणं. दाराच्या कड्या दिवसातून किती वेळा पुसल्या असतील देव जाणे. लेक हसायची. "आई, त्या कडीचं पॉलिश गेलं," म्हणायची. जाऊ दे म्हटलं पॉलिश.

एवढं करून तिला न्यायची कुठे, तर जिथे सहा पेशंट एका खोलीत, खिडक्या बंद, चार-चार तास. पूर्वी आम्ही नातेवाईक पलंगाशेजारी स्टुलावर बसायचो. आता आम्हाला आत मज्जाव. बाहेर पॅसेजमध्ये बाकडं, आणि दाराला एक काच. त्या काचेला नाक लावून मी उभी असायचे. आत सहा मशीन, एक टेक्निशियन आणि एक सिस्टर.

लेकीच्या शेजारच्या पलंगावर ड्रायव्हरकाका. आयुष्यभर ट्रक चालवला, आता सून त्यांना स्कूटरवर मागे बसवून आणायची. आमच्या शिफ्टचा सगळा आवाज म्हणजे हा एक माणूस. माझ्या लेकीला ते "साहेब" म्हणायचे. मशीनवर जाण्याआधी वजन करतात, अंगात किती पाणी साठलंय ते कळायला. तर ती काट्यावर चढली की यांचं सुरू, "काय साहेब, आज टँकर किती भरून आणला?" लेक खोखो हसायची. घरी नाही इतकी हसायची. मला ते आवडायचंही आणि, खरं सांगते, थोडं टोचायचंही.

त्या दिवशी काचेतून बघते तर दोघांचेही मास्क हनुवटीखाली, आणि हे पलंगावरून तिच्याकडे कलून काहीतरी किस्सा सांगतायत! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. काच बडवली. लेकीनं दचकून मास्क वर घेतला. काकांनी मला हात केला, जणू मी रस्त्यावरून जाणारी ओळखीची गाडी.

ते बाहेर आल्यावर मी सोडलं नाही. "काका, तुम्हाला काही वाटतं का? एकवीस तारीख पाठ आहे ना तुम्हाला?"

"पाठ आहे, ताई."

"मग? स्वतः काढता ते काढता, तिलाही काढायला लावता?"

"लावतो," ते म्हणाले. लाज नाही, काही नाही. "मशीनवर असताना तिचं तोंड दिसायला हवं. तिचं बीपी पडतं. ती सांगत नाही. कधीच सांगत नाही, गप पडून राहते. आधी जांभया देते, मग ओठ पांढरे पडतात. मी बघतो आणि हाक मारतो. रात्रभर गाडी चालवायचो तेव्हा क्लीनरच्या तोंडाकडे असाच बघत राहायचो, त्याला झोप लागली की माझीही आलीच."

"बीपी बघायला मशीन आहे. टेक्निशियन आहे."

"टेक्निशियन एक, पलंग सहा."

"आणि तुम्ही डॉक्टर का?"

 सून म्हणाली, "बाबा, चला ना." लेक माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती.

मी तशीच डॉक्टरबाईंकडे गेले, आणि एकटी नाही गेले. आमच्याच शिफ्टमधल्या पेंटरची बायको, आणखी दोघं-तिघं, सगळ्यांना गोळा केलं. पेंटरच्या बायकोच्या घरी तान्हं मूल होतं, तिला तर माझ्याहून जास्त घाई. डॉक्टरबाई म्हणाल्या, "काहींना धाप लागते हो मास्कनं. सक्ती कशी करू?" मी म्हटलं, "धाप लागली तर उतार पडेल. साथ लागली तर काय पडेल ते तुम्हीच सांगा." माझ्या तोंडाचा पट्टा सुटला की समोरच्याचं काही चालत नाही. शेवटी ठरलं. दारावर कागद लागला: मास्क नाही तर मशीन नाही. आणि काकांचा पलंग खिडकीकडच्या कोपऱ्यात, माझ्या लेकीपासून सगळ्यात लांब.

पुढच्या खेपेला काका आले ते नाकावर घट्ट मास्क लावून. कागद वाचला. मला वाटलं, आता भांडतील. मी कंबर कसून तयारच होते. पण माणूस जवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "ताई, मला लावा नियम. मी चोवीस तास बांधीन, झोपेत बांधीन. तिला नका लावू. तिचं तोंड उघडं राहू द्या."

"काका, नियम सगळ्यांना असतो. तिच्यासाठीच तर आणलाय."

"तेच म्हणतोय मी. तिच्यासाठीच."

"आई, त्यांचं जरा ऐक ना," लेक म्हणाली.

"तू आत जा," मी म्हटलं.

ती आत गेली. मी काचेशी उभी राहिले. सगळ्यांची तोंडं झाकलेली, सहाच्या सहा माणसं, छान अंतरावर. बरं वाटलं मला. किती दिवसांनी छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं. बाकड्यावर जाऊन पाच मिनिटं टेकलेसुद्धा.

तिसरा तास चालू असेल. पेंटरचं मशीन सारखं पीं पीं करत होतं, टेक्निशियन दाराकडे पाठ करून त्याच्या नळ्यांशी झटत होता. सिस्टर टेबलावर काही लिहीत होती. मी सहज काचेशी गेले, आणि बघते तर कोपऱ्यात काकांनी मास्क खाली ओढलाय! ओढलाय काय, ओरडतायत. तोंड उघडं, मान पुढे, मोकळा हात हवेत. मधेच खोकला आला त्यांना, तोही तसाच, उघड्या तोंडानं.

अहो, माझं डोकंच फिरलं. म्हटलं, शेवटी केलंच यानं! मुद्दाम केलं, माझ्या नाकावर टिच्चून. मी काच बडवायला लागले. माझ्या मास्ककडे बोट दाखवून ओरडले, "वर घ्या! वर घ्या आधी!" ते माझ्याकडे बघून आणखी जोरात हात हलवायला लागले. काचेतून शब्द येत नव्हता. मी आणखी जोरात बडवली. सिस्टर धावत दाराशी आली, दार फटीएवढं उघडून म्हणाली, "काय चाललंय ताई, पेशंट घाबरतील."

"मला काय सांगता? त्या म्हाताऱ्याला सांगा! मास्क काढून खोकतायत सगळ्यांवर! नियम कशाला केलाय मग?"

ती वळून त्यांच्याकडे निघाली. आणि काका उठले. हातात दोन सुया, नळ्या मशीनला, आणि हा माणूस पलंगावरून उठून उभा राहिला. सुई निसटली. चादरीवर रक्ताची धार. दाराच्या त्या फटीतून आता मला त्यांचा आवाज आला, फाटलेला.

"मला नको, साहेबाकडे बघ! साहेबाकडे बघ गं बाई!"

मी बघितलं. माझी लेक शांत पडली होती. पांघरूण नीट, मास्क नीट, नाकावर चिमटासुद्धा नीट बसवलेला. मोबाइल हातातून खाली फरशीवर पडला होता आणि हात तसाच लोंबत होता. डोळे अर्धे उघडे, आणि त्यात नुसतं पांढरं.

मी दार ढकलून आत घुसले. मला कोणी अडवलं नाही. सिस्टरनं तिचा मास्क ओढून काढला, तेव्हा तिचे ओठ दिसले मला. नुकत्याच पिळलेल्या पांढऱ्या कपड्याचा असतो तसा रंग. टेक्निशियननं पलंगाचं डोकं खाली केलं, पाय वर घेतले, मशीनवर कसलीकसली बटणं दाबली, सलाइनची बाटली हातानं पिळायला लागला. तिच्या अंगाला झटके यायला लागले. मी तिचे पाय धरले.  "ए बाळा, ए राणी, बघ ना," एवढंच मी बडबडत होते. कोपऱ्यात काका स्वतःचा हात दाबून धरून उभे होते, बोटांतून रक्त गळत होतं, आणि त्यांच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

ती आली शुद्धीवर. आधी बोटं हलली, मग ओठ हलले, मग ती म्हणाली, "आई, तू आत कशी?" मी रडायचं सोडून तिच्यावरच ओरडले, "जांभया येत होत्या तर सांगायला काय झालं होतं तुला?"

"आल्या होत्या," ती म्हणाली. "मला वाटलं, काका सांगतील."

डॉक्टरबाई धावत आल्या, तपासलं, म्हणाल्या, "वेळेवर लक्ष गेलं म्हणून." कुणाचं गेलं आणि कुणी मधे काच बडवली, ते त्यांना सिस्टरनं सांगितलं नाही. मीही नाही सांगितलं. काकांचं मशीन बंद करावं लागलं, नळ्यांत रक्त गोठलं होतं. अर्धंच पाणी निघालं अंगातलं. "पुन्हा सुई टोचून घ्या," डॉक्टरबाई म्हणाल्या. ते म्हणाले, "आज नको, परवा काढू उरलेलं." सुनेनं त्यांना दोन्ही हातांनी धरून नेलं. मला त्यांच्यामागे जायचं होतं. पण लेकीचा हात सोडवेना.

परवाच्या दिवशी आम्ही पोचलो तर दाराशी गर्दी. काका बाकड्यावर बसलेले, मास्क नाकावर, आणि श्वास असा की खांदे वर-खाली होतायत. मधेमधे खोकला. समोर पेंटरची बायको, कमरेवर हात.

"ह्यांना आत घ्यायचं नाही," ती म्हणत होती. "परवा मास्क काढून सगळ्यांच्या अंगावर खोकले. आज बघा. माझ्या घरी तान्हं पोर आहे." मला बघताच म्हणाली, "आल्या बघा ताई. ताई, तुम्हीच सांगा. नियम तुम्हीच आणलात ना? आता बोला की!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. टेक्निशियन मला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, परवाचं पाणी अंगात राहिलंय, त्याचाही खोकला असू शकतो. आणि साथीचाही असू शकतो. टेस्ट घेतलीय, रिपोर्ट संध्याकाळी. साथीचं हॉस्पिटल रिपोर्टशिवाय घेणार नाही. आणि मशीनशिवाय हे संध्याकाळ बघणार नाहीत."

मी खोटं बोलणार नाही. मला भीती वाटली. हा माणूस खोकला की मी मनातल्या मनात एक पाऊल मागे सरत होते, आणि लेकीला माझ्या पाठीशी ढकलत होते. एकवीस तारीख तीन आठवड्यांवर होती. त्यांनी वर बघितलं. बोलायला दम नव्हता, नुसता हात हलवला, मागे जा म्हणून. मला नव्हे, लेकीला. साहेबाला.

डॉक्टरबाई आल्या. त्या दिवशी मात्र मऊ नव्हत्या. म्हणाल्या, "खोली रिकामी ठेवून आधी ह्यांना एकट्याला घेते. मग सफाई, मग तुम्ही. सगळ्यांना चार तास थांबावं लागेल, आणि ह्यांचं नि शेजारचं मशीन आज पुन्हा वापरता येणार नाही, म्हणून एका पेशंटला जागाच उरणार नाही, उद्यावर जावं लागेल. कोण जाणार?"

 प्रत्येकाच्या अंगात दोन दिवसांचं पाणी साठलेलं, कोण बोलणार? माझ्या लेकीच्या अंगात तीन किलो होतं, आणि परवाच ती माझ्या हातातून जाता जाता राहिली होती.

"आई, मी उद्या येते ना," ती मागून म्हणाली.

"तू मधे बोलू नकोस," मी म्हटलं, आणि डॉक्टरबाईंना म्हटलं, "आम्ही उद्या येतो."

"अहो ताई, पण नियम?" पेंटरची बायको.

"नियम मीच आणला, माझ्या लक्षात आहे. मास्क नाही तर मशीन नाही. त्यांच्या तोंडावर मास्क आहे की नाही? नीट बघून सांग. आहे ना? मग मशीन मिळालंच पाहिजे. हो बाजूला."

ती सरकली. तिचा राग मला समजत होता, तिच्या जागी मी असते तर मीही कमरेवर हात ठेवून उभी राहिले असते. काकांना व्हीलचेअरवरून आत नेलं. जाताना त्यांनी मान नकारार्थी हलवली, तिची जागा मला नको म्हणून. मी म्हटलं, "गप्प बसा, आणि मास्क खाली घेऊ नका." लांबून म्हटलं. जवळ गेले नाही.

रात्र आम्ही कशी काढली ते विचारू नका. दर तासाला तिचे पाय दाबून बघायचे, सूज किती चढली. पण त्याआधी संध्याकाळीच डॉक्टरबाईंचा फोन आला होता. काकांना साथीचीच लागण होती. परवाही असणार, ओरडले तेव्हाही.

आमच्या दोघींच्याही टेस्ट केल्या. दोघीही निगेटिव्ह. दुसऱ्या दिवशी तिला दुसऱ्या शिफ्टला घेतलं, टेक्निशियन तिच्या उशाशी खुर्ची टाकून बसला, ती उतरली नीट. मला वाटलं, सुटलो. मोठ्या हॉस्पिटलात फोन करून सगळं सांगितलं. सर्जन म्हणाले, "एवढा जवळून संपर्क आला असेल तर मी एकवीसला हात लावणार नाही. यादीत पुढे ढकलतो. कळवू." कधी विचारलं, तर पुन्हा तेच, कळवू.

फोन ठेवला आणि मी भांडी आपटली. नवऱ्याला बोलले, देवाला बोलले, त्या काकांना तर नको नको ते बोलले, एकटीच, स्वयंपाकघरात. काय गरज होती मास्क खाली घ्यायची? मग मीच मला विचारलं, नसता घेतला तर? पण मास्क लावून ओरडले असते तर कुणाला ऐकू गेलं असतं? आणि माझ्या नियमानं तिचं तोंडच झाकलं नसतं तर? नवरा म्हणाला, "अगं, मग चूक कुणाची?" मी म्हटलं, "माझं डोकं खाऊ नका." लेक आतल्या खोलीत होती. ती रडली नाही, काही नाही. कपाटाला चिकटवलेलं कॅलेंडर तिनं काढून उलटं ठेवलं, एवढंच.

दोन-तीन दिवसांनी संध्याकाळी सुनेचा फोन आला. "बाबांना बोलायचंय. साथीच्या हॉस्पिटलातल्या सिस्टरनं फोन लावून दिलाय, मी जोडते. फार बोलू देऊ नका." मागे कसला तरी हवा सोडल्यासारखा आवाज, आणि मग काका. ओळखूच येईना. तो घसा, तो आवाज, कुठे गेला होता देव जाणे.

"ताई. साहेब?"

"बरी आहे. निगेटिव्ह आली. मीही."

ते बराच वेळ नुसता श्वास घेत राहिले. मी मनात काय काय जमवून ठेवलं होतं सांगू, रागाचं, आभाराचं, सगळं एकत्र. 

"माझ्यामुळे... तारीख नाही ना गेली? रोज विचारतोय सुनेला. तिला माहीत नाही."

लेक माझ्या शेजारीच बसली होती. फोनचा आवाज मोठा होता, तिला सगळं ऐकू गेलं. मी तिच्याकडे बघितलं.

"तारीख आहे तिथेच आहे, काका," मी म्हटलं. "तुमच्यामुळे कशाला जाईल?"

"खरं ना?"

"हो तर," म्हणताना माझा आवाज फाटला.  मला वाटलं, आता कळलंच त्यांना. तेवढ्यात लेकीनं माझ्या हातातून फोन घेतला. जी पोरगी स्वतःचा जीव जाताना कुणाला सांगत नाही, ती अगदी खणखणीत आवाजात म्हणाली, "खरंच, काका. एकवीसलाच आहे. आईची तर बॅगसुद्धा भरून झाली."

"मग ठीक," ते म्हणाले. "मग ठीक आहे, साहेब."

आणि पलीकडून कुणीतरी फोन बंद केला.